फुलांची हजेरी घेणाऱ्या बाई

आमच्या ड्रॉइंगच्या बाई मुलींची हजेरी घ्यायला हमखास विसरायच्या. झाडांची हजेरी मात्र त्यांनी एकदाही चुकवली नाही.

नगरच्या ट्रेनिंग स्कुलात मी मास्तरीण व्हायला आले ते लढाईचे दिवस होते. बाईंचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. उंच, काटकुळ्या, रंगानं काळ्यासावळ्या. अंगावर पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट, आणि पोलक्याला दोन्ही बाजूंना शिवून घेतलेले मोठे खिसे. या खिशांत काय असेल याचा नेम नव्हता. वाळलेल्या शेंगा, पिसं, गारगोट्या, सुगरणीच्या घरट्याचा तुकडा. एकदा सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या डोळे मिटून उभ्या असताना बाईंच्या खिशातून एक हिरवीगार अळी निघाली आणि त्यांच्या बाहीवरून चालत खांद्यापर्यंत गेली. माझे डोळे अर्धवट उघडे होते म्हणून मला दिसली. बाईंचेही डोळे उघडेच होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि 'आमेन' होईपर्यंत त्या अळीकडे कौतुकानं बघत राहिल्या.

त्यांच्याकडे हजेरीची एक वही होती. शाळेच्या हजेरीपुस्तकासारखीच लांबट, लाल रेघांची. त्यात नावं होती ती अशी : 'भिंगारच्या वाटेवरचा पळस, पहिला', 'भिंगारच्या वाटेवरचा पळस, दुसरा', 'सीनेकाठचा पांगारा', 'बोर्डिंगमागचा बहावा'. दर शनिवारी दुपारचं ऊन उतरलं की आम्हां बावीस मुलींची रांग बाईंच्या मागून निघायची. झाडापाशी पोचलं की एकीनं झाडाखाली उभं राहायचं. बाई चष्मा सावरून पुकारायच्या, "पळस पहिला!" फूल उमललेलं असलं तर त्या मुलीनं म्हणायचं, "हजर, बाई!" नसलं तर, "गैरहजर, बाई." मग बाई स्वतः झाडाजवळ जाऊन विचारायच्या, "गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी आठ दिवस आला होतास. यंदा काय झालं?" थोडा वेळ वाट बघायच्या आणि वहीत लिहायच्या, 'पाऊस कमी.'

आमच्या सुपरिंटेंडंट गोऱ्या होत्या. त्यांना आम्ही मडमसाहेब म्हणायचो. एकदा सगळी हजेरीपुस्तकं तपासायला गेली त्यात ही वहीही गेली. दुसऱ्या दिवशी मडमसाहेब वर्गात आल्या.

"ही पळस कोण?" त्यांनी विचारलं. "तीन आठवडे गैरहजर आहे. तिच्या घरी पत्र का नाही लिहिलं?"

"त्याला घर नाही, मडमसाहेब," बाई म्हणाल्या. "तो रस्त्यावरच राहतो."

आम्ही तोंडात पदर कोंबून बसलो. मडमसाहेबांना उलगडा व्हायला जरा वेळ लागला, पण झाल्यावर त्याही हसल्या. रागावणं त्यांना बाईंच्या बाबतीत कधी नीट जमलं नाही.

बाईंचं म्हणणं असं की चित्र हातानं काढतात हा एक गैरसमज आहे. चित्र पायांनी काढायचं असतं. आधी तिथवर चालत जायचं, मग बसून बघायचं, आणि बघून बघून कंटाळा आला की त्यानंतर खरं दिसायला लागतं. तोवर पेन्सिलीला हात लावायची परवानगी नसे. "आत्ता तुला फूल दिसत नाहीये, फुलाचं नाव दिसतंय. बस अजून," असं त्या म्हणायच्या, आणि आम्ही बसायचो. मुंग्या चावायच्या. बाईंनाही चावायच्या, पण त्या त्यांना अडवायच्या नाहीत.

लढाईमुळे विलायती रंगाच्या पेट्या मिळेनाशा झाल्या होत्या. कागदाचीही तीच रड. आम्ही जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर चित्रं काढायचो. रंग बाई स्वतः बनवायच्या. पळसाची फुलं उकळून केशरी, गेरूचा तांबडा, दिव्याच्या काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, कपड्यांना घालायच्या निळीचा निळा. त्यांच्या खोलीत शेगडीवर कायम काहीतरी रटरटत असायचं. एकदा त्यांच्याकडे पाहुण्या आलेल्या बाईंनी आमटी समजून पळसाचा काढा भाताबरोबर खाल्ला. "काही झालं नाही त्यांना," बाई आम्हांला सांगत होत्या, "फक्त ओठांना फार सुंदर रंग आला."

चित्र आवडलं की बाई 'छान' म्हणायच्या नाहीत. कागद उचलून नाकाशी न्यायच्या आणि वास घ्यायच्या. बस्स. वर्षभरात असं भाग्य चार-पाच जणींना मिळायचं.

मुलींची नावं त्यांना आठवत नसत. त्या प्रत्येकीला तिच्या गावानं हाक मारायच्या. "राहुरी, खडू आण." "संगमनेर, कुजबूज पुरे." मी शेवगावजवळच्या एका लहान गावातली, म्हणून मी शेवगाव. माझे वडील तिथे मिशनच्या चार इयत्तांच्या शाळेत मास्तर होते. संगमनेरची मुलगी माझ्याच बाकावर बसायची. प्रवरेचं पाणी, मळे, मोगऱ्याचे ताटवे यांच्या गोष्टी ती सांगायची आणि मी ऐकायची. आमच्या गावात प्यायचं पाणी अर्ध्या कोसावरून आणावं लागे. मला गावाची लाज वाटायची. हे आता लिहायला सोपं आहे. तेव्हा कुणी विचारलं तर मी सांगायची, आमच्याकडे मोठी बाग आहे.

पहिल्या सहामाहीला बाईंनी सांगितलं, "आपापल्या दारातलं फूल काढा."

मी गुलाब काढला. चांगला भरगच्च, पाकळीवर पाकळी, पानांवर दवाचे थेंब. दोन दिवस घालवले त्यावर. बाईंनी कागद हातात घेतला. मला वाटलं आता नाकाशी नेणार. त्यांनी तो माझ्या नाकाशी आणला.

"वास येतोय?"

"नाही, बाई."

"येईल कसा? हा बिस्किटाच्या डब्यावरचा गुलाब आहे. मडमसाहेबांच्या टेबलावर तो डबा मी रोज बघते. दवाचे थेंबसुद्धा तिथलेच आहेत."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझे कान तापले.

"खरं सांग, शेवगाव. तुझ्या दारात काय फुलतं?"

"काही नाही, बाई," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "आमच्याकडं काहीच फुलत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "काहीच नाही? हे फूल मी अजून बघितलेलं नाही. मी येते तुझ्याकडे. चैत्रात येते."

आणि त्यांनी मला शून्य मार्क दिले. ड्रॉइंगमध्ये नापास झालं तर सर्टिफिकेट मिळत नसे. सर्टिफिकेट नसलं तर वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं माझं मास्तरीणपण तिथंच संपलं असतं. हे शून्य मी घरी कळवलं नाही.

त्यानंतरची गोष्ट आश्विनातली. शेतांच्या बांधावर कुर्डू फुलायचे ते दिवस. गुलाबी-पांढरे तुरे, वाऱ्यावर एकदम लवणारे. बाईंच्या मते नगरात सगळ्यात दाट कुर्डू येते ती किल्ल्याच्या खंदकाबाहेरच्या उतारावर. किल्ल्यात त्या वेळी देशातली मोठी माणसं कैदेत होती. तिकडे तोंड करून कुणी उभं राहिलं तरी शिपाई हटकायचे. बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी त्यावर तोडगा काढला होता : "पाठ किल्ल्याकडे, तोंड फुलाकडे. मग कोण काय म्हणणार?"

आम्ही बावीस जणी मांडीवर फळ्या घेऊन किल्ल्याकडे पाठ करून बसलो. अर्ध्या तासात एक हवालदार धावत आला.

"ओ बाई! काय चाललंय हे? नकाशे काढताय का काय?"

"आधी खाली बसा," बाई म्हणाल्या. "उभ्यानं दिसत नाही."

हवालदार खरोखरच गुडघ्यात वाकला. मग त्याला आपण कोण आहोत ते आठवलं. तो ताठ झाला आणि आम्हां सगळ्यांना फळ्यांसकट चौकीवर घेऊन गेला. रस्त्यानं लोक थांबून बघत होते. राहुरी हळूहळू रडायला लागली. बाई तिला म्हणाल्या, "तुरा तिरपा धर, मोडेल."

चौकीत एक तरुण गोरा साहेब होता. उन्हानं लालभडक झालेला. त्यानं एकेक फळी घेऊन बघायला सुरुवात केली. कुर्डू. कुर्डू. कुर्डू. एकवीस फळ्या झाल्या आणि बाविसावी माझी आली. साहेबानं ती उभी धरली, आडवी धरली, पुन्हा उभी धरली. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा बुरूज आहे," तो बाईंना म्हणाला. "आणि हे वर तोफांचे झरोके."

बाईंनी फळी हातात घेतली. त्या इतका वेळ बघत राहिल्या, की मला वाटलं आता यांनाही बुरूजच दिसतोय. शेवटी त्या शांतपणे इंग्रजीत बोलल्या. आम्हांला मोडकंतोडकं समजलं ते असं : "साहेब, या मुलीला मी गेल्या परीक्षेत शून्य मार्क दिले आहेत. हिनं बुरूज काढायचं ठरवलं असतं, तर तो फुलासारखा दिसला असता."

साहेब मोठ्यानं हसला. बाईंनी लगेच खिशातून कुर्डूचा एक तुरा काढून त्याला दिला आणि खालची फुलं आधी उमलतात, टोकाची मागून, वगैरे पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्यानं तो तुरा टेबलावरच्या रिकाम्या दौतीत खोचला आणि आम्हांला सोडून दिलं. माझं चित्र मात्र ठेवून घेतलं. संशय पुरता फिटला नसावा.

परत येताना सगळ्या मला हसत होत्या. मीही हसत होते, पण आतून कुठेतरी लागलं होतं. बाईंनी माझ्या शेजारी येऊन चालायला सुरुवात केली.

"वाईट वाटलं?"

"नाही, बाई."

"वाटू दे. डब्यावरचा गुलाब कुणी जप्त केला नसता. हे जप्त केलं म्हणजे त्यात काहीतरी आहे. काय आहे ते मला अजून कळलेलं नाही."

या प्रकरणानंतर मडमसाहेबांनी सहली बंद केल्या. महिनाभर बाई वर्गात लाकडी ठोकळे मांडून आमच्याकडून ठोकळे काढून घेत होत्या. त्या महिन्यात त्या आजारी दिसायला लागल्या. जेवण कमी झालं, खिसे रिकामे झाले. ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "याला कडा सहा, मोजायला शिका," आणि आम्ही बारा आहेत म्हटलं की म्हणायच्या, "असतील. मला त्याच्यात रस नाही." शेवटी मडमसाहेबच म्हणाल्या, "घेऊन जा ह्या मुलींना. फक्त किल्ला सोडून कुठेही."

चैत्र आला. बाई विसरल्या असतील अशी मी मनातून प्रार्थना करत होते. ईस्टरच्या सुट्टीत घरी आले आणि चौथ्या दिवशी बैलगाडी आमच्या दारात थांबली. शेवगावपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढे गाडीनं बाई आल्या होत्या. बूट, छत्री, काखेत ड्रॉइंगची फळी. चेहऱ्यावर धूळ, आणि लग्नाला आल्यासारखा आनंद.

आईची धांदल उडाली. तिनं कालच सारवलेलं अंगण पुन्हा झाडलं. भाकरी, पिठलं, कांदा असं जेवण झालं. बाईंनी तीन भाकरी खाल्ल्या. आई संकोचून म्हणाली, "बाई, तुमी एवढ्या लांबून आला, पन आमच्याकडं बगायला काय बी न्हाई. उन्हाळ्याचं नुसतं रान उघडं."

"तेच बघायला आलेय," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच आई पाण्याला निघाली तेव्हा बाईही एक कळशी घेऊन निघाल्या. मागून मी. गावाबाहेर माळ सुरू झाला. गवत जळून गेलेलं, जमीन भेगाळलेली, हिवराची झाडं धुळीनं भुरकी. मी खाली मान घालून चालत होते. विहिरीच्या अलीकडच्या उतारावर बाई एकदम थांबल्या. कळशी त्यांच्या हातून खाली पडली आणि ठणठण वाजत घरंगळत गेली.

समोर नेपतीचं झुडूप होतं. नेपतीला पानं म्हणून नसतातच. नुसत्या हिरवट काड्यांचा गुंता. आणि त्या काड्यांवर, सबंध झुडूपभर, विटेच्या रंगाची लाल फुलं. सूर्य नुकताच वर येत होता आणि तो पलीकडून त्या फुलांतून दिसत होता. मी लहानपणापासून त्या वाटेनं हजार वेळा गेले असेन. मला नेपतीचे काटे माहीत होते, कारण ते पायात मोडायचे.

"आगं आई गं," बाई म्हणाल्या. "लई झ्याक हाय गं हे."

मी चकित होऊन बघितलं. बाईंच्या तोंडून असं बोलणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं असायचं.

आईला काही कळेना. "ह्याचं काय बगायचं, बाई? ह्याच्या हिरव्या बोरांचं लोनचं घालत्यात. फूल कोन बगतंय?"

बाई मातीत बसल्या होत्या. आईही कळशी बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसली. पाहुणी बसलीय तर आपण उभं कसं राहायचं म्हणून. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुटलं वो?"

"जामखेडच्या बाजूचं एक गाव," बाई फुलांवरची नजर न हलवता म्हणाल्या. "मोठ्या दुष्काळात कुणीतरी मला मिशनच्या दारात आणून सोडलं. तीन-चार वर्षांची होते. नाव विचारलं तर म्हणे मी गावाचंच नाव सांगत राहिले. माझं स्वतःचं नाव मला येत नव्हतं. रजिस्टरात तेच लिहिलं, बाप्तिस्मा होईपर्यंत. नंतर मी एकदा जाऊन आले त्या गावी. ओळखणारं कुणी नव्हतं. अशीच एक नेपती होती वेशीपाशी."

आईनं त्यांच्या धुळीनं भरलेल्या केसांकडे बघितलं. मग म्हणाली, "तर मग आज न्हाऊन जावा. लेक माहेरी आली तर डोकं धुतल्याबिगर धाडत न्हाईत."

एवढ्या लांबून आणलेलं पाणी, पण आईनं त्यातल्या दोन कळश्या बाईंच्या डोक्यावर ओतल्या. शिकेकाई लावून, खसाखसा चोळून. बाई डोळे घट्ट मिटून पाटावर बसल्या होत्या आणि मधेच ओरडत होत्या, "शेवगाव, फळी आण! विसरायच्या आत काढते!" "हालू नगा," आई म्हणत होती, "डोळ्यात जाईल."

केस वाळवत बाई अंगणात फिरत होत्या तेव्हा आईनं कुडाच्या भिंतीवर गोधड्या उन्हाला टाकल्या. एका गोधडीपुढे बाई थांबल्या त्या थांबल्याच. जुन्या मातकट लुगड्याची गोधडी. त्यावर हिरवट काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे रस्ते, एकमेकांत गुंतलेले. आणि त्या रस्त्यांवर मधेमधे लाल खणाचे लहान लहान तुकडे, त्रिकोणी, टोकं दुमडून शिवलेले.

बाईंनी मला हातानं खूण केली. मी जाऊन शेजारी उभी राहिले. अठरा वर्षं मी ती गोधडी पांघरत होते.

"काय आहे हे?" बाईंनी हळू विचारलं.

"नेपती," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"कुठून काढलंत हो हे?" बाईंनी आईला विचारलं.

"काढायचं कुटनं? चिंध्या उरल्या हुत्या, लावल्या," आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्या दुपारी मी चित्र काढलं. नेपतीला पाकळ्यांची गर्दी नाही, पानं नाहीत. नुसत्या काड्या, आणि काड्या काढायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, कारण वर्षानुवर्षं मी त्यातूनच वाट काढत विहिरीवर गेले होते. रंग गेरूचा लावला. संध्याकाळी बाईंनी कागद उचलला. वडील, आई, मी तिघंही बघत होतो. बाईंनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. वडिलांना हे काय चाललंय ते समजेना; त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून बघितलं. मला हसू आवरेना आणि रडूही.

पुढच्या वर्षी परीक्षेत मी ड्रॉइंगमध्ये पास झाले ते अगदी काठावर. मी बाईंना जरा ओशाळून सांगितलं. "काठावर?" त्या म्हणाल्या. "मग चांगलं आहे. नक्षी काठावरच असते."

पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली होती. नाताळच्या आधीचे थंडीचे दिवस होते. बाईंनी माझ्या वडिलांना पत्र लिहिलं की मास्तरीणबाईंना, म्हणजे माझ्या आईला, एका दिवसासाठी नगरला पाठवावं, मुलींना गोधडी शिकवायला. मडमसाहेबांनी विचारलं, "त्या कुठे शिकल्या आहेत? काही दाखला आहे?" बाईंनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "हा दाखला. ही अठरा वर्षं त्या गोधडीखाली राहिलीय. धडधाकट आहे."

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. उपासनेतली गीतं सगळी पाठ, पण अक्षर ओळखू यायचं नाही. मास्तरांची बायको म्हणून गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं, आणि तिला त्याचा जरा संकोचच वाटायचा. शाळेच्या फाटकातून ती आत आली तेव्हा तिनं गाठोडं छातीशी धरलं होतं. माझ्या कानात म्हणाली, "आगं, मला बोलाया येत न्हाई एवढ्या मान्सांत. तू सांग बाईंना, माझं पोट दुखतंय म्हून."

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझंही दुखतंय," आणि पहिल्या बाकावर संगमनेरच्या शेजारी जाऊन बसल्या.

आई फळ्यासमोर उभी राहिली. बावीस मुली तिच्याकडे बघत होत्या. तिच्या तोंडून शब्द फुटेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं, मीच उठून तिला बाहेर घेऊन जावं. मग आईनं एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा जमिनीकडे, आणि सरळ खाली बसून गाठोडं सोडलं. जुनं लुगडं अंथरलं. सुई काढली. तिची मान खाली गेली आणि हात चालायला लागला. काही दिसेना म्हणून मुली बाकांवरून उठल्या, जवळ आल्या, भोवती बसल्या. बाईही आल्या.

"कोपरा पयला धरायचा," आई हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला नव्हे, लुगड्यालाच सांगितल्यासारखं. "कोपरा सुटला की सगळी गोधडी पळती."

तासाभरात वर्गात नुसता सुयांचा आवाज होता. आई एकेकीचा टाका बघत फिरत होती. बाईंपाशी आली आणि थांबली.

"ह्यो टाका लई लांब झाला," ती म्हणाली. "लेकराच्या पायाचं बोट अडकंल ह्यात. उसवा."

बाईंनी मान वर केली. "उसवते, बाई," म्हणाल्या, आणि टाके उसवायला लागल्या. त्यानंतर सगळ्या मुलींनी आईला तेच म्हणायला सुरुवात केली. बाई, हे बघा. बाई, माझा दोरा तुटला. बाई, इकडे या ना. आई पहिल्यांदा दोन-तीनदा मागे वळून बघत होती, ड्रॉइंगच्या बाईंना हाक मारतायत की काय म्हणून. मग वळायची थांबली.

शेवटी संगमनेरनं विचारलं, "बाई, पण नक्षी सुचते कुठून?"

माझ्या बाईंनी सुई खाली ठेवली. आई विचारात पडली. हा प्रश्न तिला गेल्या चैत्रातही विचारला होता. तेव्हा ती चुलीकडे निघून गेली होती. इथं चूल नव्हती.

"आता काय सांगू पोरी," ती म्हणाली. "वरसामागनं वरीस त्याच वाटेनं पानी आनायचं. डोईवर हांडा असला की मान हालवता येत न्हाई. समोर जे येतंय तेच बगायचं. घरी येऊन हांडा उतरला तरी डोळ्यापुढनं ते जात न्हाई. मग शिवून टाकायचं. शिवलं की जातंय."

बाई उठून व्हरांड्यात गेल्या. मी मागून गेले. त्या चष्मा पुसत होत्या आणि हसत होत्या. "वीस वर्षं झाली मला शिकवायला," त्या म्हणाल्या. "मला हे असं सांगता आलं नाही. जा, आत जा, तास चालू आहे."

दुसऱ्या दिवशी मी आईला गावी पोचवायला गेले. मोटारीत ती मांडीवरच्या गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. गाडीतही तशीच. वडील दारात उभेच होते, काळजीत. आम्हांला बघताच त्यांनी नेहमीच्या वर्गातल्या आवाजात हाक दिली, "आली का गं? कसं झालं? बोलली का काही, का नुसती बसून आली?"

आईनं गाठोडं ओट्यावर ठेवलं. पदरानं तोंड पुसलं.

"जरा हळू बोला मास्तर," ती म्हणाली. "तिकडं मला बी बाई म्हनत्यात."